संत्र्याचे पाव

धाकटीने दार लोटलं तेव्हा आई ओट्याशी उभी राहून कोमट दुधात बोट बुडवून बघत होती.

"ये, ये. बरी आलीस," आई म्हणाली. "साल किसायला कुणीतरी हवंच होतं."

धाकटीने पिशवी खुंटीला अडकवली आणि पहिली नजर शेगडीकडे टाकली. बंद. पातेलं उतरवलेलं, बटण फिरवलेलं. तिने मनातल्या मनात बरोबरची खूण केली.

ती हिशेबतपासनीस होती. लोकांच्या चुका शोधायच्या आणि त्यावर पोट भरायचं. आज मात्र चूक सापडू नये म्हणून ती आली होती. मागच्या महिन्यात आईच्या हातून किटली जळून कोळसा झाली, तेव्हापासून दादाचा धीर सुटला होता. त्याने वृद्धाश्रमात खोलीही बघून ठेवली होती.

"दिवसभर तिच्यासोबत राहा. पाव करायला लाव," तो फोनवर म्हणाला होता. "विसरण्यासारखं काय काय असतं त्यात. संध्याकाळी सांग, खोली घ्यायची की सोडायची. तू म्हणशील ते."

पाव करायला लावावं लागलंच नाही. पानगळ सुरू झाली की या घरात संत्र्याचे गोड पाव होतातच. खिडकीबाहेरचं झाड निम्मं उघडं पडलं होतं आणि संत्री टोपलीत धुऊन तयार होती.

"चहात साखर घालू की नको?" आईने कपाटातला निळ्या कडेचा कप काढला. पाहुण्यांचा.

धाकटी सुखावली. मागच्या वर्षी तिने साखर सोडली होती आणि मग गुपचूप पुन्हा धरली होती. ती धरसोडसुद्धा आईच्या ध्यानात होती तर. आणखी एक खूण.

आईने दुधात यीस्ट आणि चमचाभर साखर टाकली. "दूध कढत असलं की हे मरतं, गार असलं की लोळत पडतं. अगदी आमच्या थोरल्यासारखं. सगळं कसं त्याला बेतात लागतं."

धाकटी खुदकन हसली आणि किसायला बसली.

"नुसतं केशरी हं. पांढरं आलं की कडवट लागतं." आईने वाटीत डोकावून पाहिलं. "आमच्या धाकटीला हे कधी जमलं नाही. आकड्यांत हुशार, पण हाताला घाई फार. निम्मं पांढरं खरवडायची आणि वर मलाच ऐकवायची, पौष्टिक असतं म्हणून."

समोर बसलेल्या माणसाला जणू परगावी धाडून त्याच्याविषयी बोलायचं, ही आईची टोमणे मारायची जुनी तऱ्हा. बाबा होते तेव्हा त्यांच्याच ताटात वाढताना म्हणायची, "आमच्या घरच्यांना चवीतलं ओ की ठो कळत नाही." आणि बाबाही भिंतीकडे बघून म्हणायचे, "त्यांना सांगा, म्हणूनच संसार टिकलाय." या घरात टोमण्याला उत्तर त्याच चालीने द्यायचं असे.

"आता जमत असेल की तिला," धाकटी म्हणाली.

"कुठलं! यायला सवड हवी ना बाईसाहेबांना. भावाने पिटाळलं तरच यायची."

हा मात्र वर्मी लागला. धाकटी खाली मान घालून किसत राहिली. "कामं असतील तिला."

"असतात ना. मी कुठे नाही म्हणते?" आईने पिठाचा गोळा ओट्यावर आपटला. "पण आठवण येते गं. तिच्या तोंडावर नाही हो सांगायची मी. डोक्यावर चढून बसेल."

धाकटीने नाक ओढलं आणि दोष संत्र्याच्या वासावर ढकलला.

मळता मळता आई एकदम थांबली. धाकटीने चमकून वर पाहिलं.

"मीठ," आई म्हणाली आणि चिमूटभर मीठ टाकून पुन्हा मळायला लागली. "विसरले असं वाटलं ना तुला? चेहरा बघ जरा."

ओल्या फडक्याखाली पीठ दुप्पट झालं. आईने सारखे गोळे वळले, पुन्हा फुगू दिले, वरून दुधाचा हात फिरवला. ओव्हन तिनेच लावला आणि तांबूस पाव बाहेर आल्यावर तिनेच बंद केला. एक पाव उलटा करून बुडाला टिचकी मारली. पोकळ वाजला. मगच तिने पावांवर ओतायला संत्र्याच्या रसात पिठीसाखर कालवली. धाकटीपाशी आता खुणा ठेवायला जागा उरली नव्हती.

तिने गॅलरीत जाऊन फोन लावला.

"दादा, खोली सोडून दे. आई ठणठणीत आहे."

"नक्की?"

"दिवसभर तपासलंय. टोमणेसुद्धा जसेच्या तसे आहेत."

पलीकडे दादाने मोठा श्वास सोडला. "सुटलो बाई. आत्ताच कळवतो त्यांना."

ती आत आली तेव्हा आईने डब्यात पाव भरून वर स्वच्छ फडकं बांधलं होतं.

"जाताना एवढं काम करशील? हा डबा माझ्या धाकटीकडे पोचव."

"पोचवते की," धाकटी हसत म्हणाली. "पण मला घर सापडेल का तिचं?"

"न सापडायला काय झालं? शिंप्याच्या दुकानावर, दुसरा मजला, डावीकडचं दार. घंटा बिघडलीय, तेव्हा कडी वाजव."

धाकटीने शेवटची खूण केली. पत्त्यात एकही चूक नव्हती.

आईने डबा तिच्या हातात दिला आणि पदराने हात पुसत तिच्याकडे कौतुकाने पाहिलं.

"दिवसभर राबलीस पोरी, आणि मी मेली साधं नाव विचारायचं विसरले. कुणाची गं तू?"