दहा वर्षांची गॅरंटी

आमच्या वरच्या मजल्यावरचा अजिंक्य पुण्याचा इंजिनिअर. अक्कल इतकी, की अख्ख्या सोसायटीला वाटत फिरतो; घरात वापरायला तेवढी उरत नाही. बेडरूमच्या कपाटात मागच्या भिंतीतून पाणी झिरपायला लागलं, तेव्हा कामाला येणारी यल्लव्वा तिच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाली, "अण्णा, स्वल्प प्लंबरला बोलवा की."

"अक्का, पाणी अडवत बसायचं नसतं, सामान वाचवायचं असतं," असं तिलाच शिकवून हा चिकपेटचा अख्खा बाजार हिंडला आणि दहा वर्षांच्या गॅरंटीचे पाच वॉटरप्रूफ डबे घेऊन आला. महिनाभर विहिरीत बुडवले तरी आत दमट वाससुद्धा यायचा नाही, हे मला त्यानं जिन्यात अडवून तासभर ऐकवलं.

कपाटात त्याच्या बायकोच्या, प्रणिताच्या, गेलेल्या आईची पाच इरकली लुगडी होती. बहिणीच्या लग्नात त्यातलंच एक नेसायचं, असं तिनं वर्षभर आधी ठरवलेलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी भिंतीतला पाइप फुटला. कपाटातून लाल-हिरवं पाणी वाहायला लागलं; मासे तेवढे यायचे राहिले.

"अहो, आईची लुगडी!" प्रणिता किंचाळली. "डब्यात आहेत ना?"

"डब्यात कशी असतील?" अजिंक्य छाती फुगवून म्हणाला.



"ओरखडा पडला तर गॅरंटी जाते, म्हणून एकेक डबा एकेका लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. बघ, एकाही डब्याला काही झालेलं नाही!"