नदीपलीकडचं जेवण

अकरा वाजले तेव्हा गव्हर्नर ल्युशियस पेनरॉड मिसूरी नदीच्या पलीकडे एका खानावळीत मासा खात बसला होता. भूक नव्हती. नदीच्या अलीकडे, राजधानीतल्या तुरुंगाच्या आवारात, बारा वाजता हाल्वोर ब्रेकेला फाशी द्यायची होती.

हाल्वोर नॉर्वेहून आलेला शेतकरी. गुरांच्या बड्या मालकांनी त्याच्या गवताची गंज पेटवली, त्यानं बंदूक झाडली, मालकांचा मुकादम मेला. बारा ज्युरींतले नऊ त्याच मालकांचं मीठ खाणारे. निकाल वेगळा लागला असता तर आम्हीच दचकलो असतो.

माफी देणं गव्हर्नरच्या हातात होतं. पेनरॉड मूळचा वकील, आणि चांगला वकील. खटल्याचे कागद त्यानं तीनदा वाचले आणि हा उघड अन्याय आहे हे त्याला तिन्ही वेळा कळलं. पण आमचं अजून राज्य झालेलं नाही, नुसती टेरिटरी; इथला गव्हर्नर आम्ही निवडत नाही. वॉशिंग्टन नेमतं, आणि वॉशिंग्टनचा कान त्या गुरांच्या मालकांच्या तोंडाशी. माफीवर सही केली की खुर्ची गेली.

मग त्यानं वकिली वाट शोधली. गव्हर्नर टेरिटरीची हद्द ओलांडून गेला की तो परत येईपर्यंत त्याचे सगळे अधिकार सेक्रेटरीकडे जातात. सेक्रेटरी एमॉस थॅकरे म्हातारा, निवृत्तीला टेकलेला, कुणाच्या बापाला न भिणारा.

आदल्या दिवशी हाल्वोरची बायको गुनहिल्ड कचेरीत आली होती. पेनरॉडनं तिच्याकडे पाहिलंच नाही.

"उद्या मी नदीपलीकडे, नेब्रास्कात जेवायला चाललोय, बाई. साडेदहानंतर थॅकरेसाहेबांना भेटा."

"उद्या? जेवायला?" तिला वाटलं आपलं इंग्रजी चुकतंय.

"भेटा म्हणतोय ना त्यांना!"

तिला कळलं नाही. बाजूच्या टेबलावरच्या थॅकरेला कळलं. "म्हणजे सही माझी आणि हात तुमचे स्वच्छ," ती गेल्यावर तो म्हणाला. "चालेल. माणूस जगत असेल तर तुमच्या भित्रेपणालाही मी सलाम ठोकतो."

पेनरॉड हसला. त्याला राग यायला हवा होता. तेवढीही लाज आता उरली नव्हती.

सकाळी दहा वाजता सगळ्या गावादेखत तो होडीत चढला. काठावरच्या लोकांना हात हलवला, कारण उद्या साक्षीला माणसं हवीत. अर्ध्या तासात पार. खानावळीची मालकीण मिसेस ग्रब हिनं मासा वाढला आणि त्याच्या दर दोन मिनिटांनी घड्याळ काढण्याकडे ती बघत राहिली.

"साहेब, मासा ताटात आहे. घड्याळात नाही."

"कुणाची तरी वाट बघतोय."

"बाईची असेल तर केस विंचरा."

बारा वाजले. वाऱ्यावर काहीच ऐकू आलं नाही. सव्वाबारा झाले. पेनरॉडनं खुर्चीला पाठ टेकली. आता हाल्वोर घरच्या वाटेला लागला असेल. गुनहिल्ड रडत असेल, थॅकरेचे हात धरत असेल. आभार दुसऱ्याला मिळणार याचं त्याला जरा वाईटही वाटलं. वीस वर्षांपूर्वी, ओहायोत, तो असल्या माणसांसाठी फुकट उभा राहायचा. निदान तेवढं अजून आपल्यात शिल्लक आहे, असं त्याला वाटलं. त्यानं आणखी एक मासा मागवला आणि तो चवीनं खाल्ला.

एक वाजता थॅकरे आला. टोपी हातात होती.

"झालं सगळं?" पेनरॉडनं विचारलं.

"झालं. बाराच्या ठोक्याला लटकवला."

"तुम्ही सही केली नाही?"

"अकरा वाजताच केली. शेरीफनं कागद घेतलाही होता. बाराला दहा कमी असताना मालकांचा वकील आला, एक जुना निकाल घेऊन. म्हणे, थॅकरेची सही चालत नाही, गव्हर्नर टेरिटरीतच बसलेत."

"मी नदी ओलांडून आलोय! शंभर माणसांनी पाहिलंय!"

"नदी ओलांडलीत. हद्द नाही. तीन वर्षांपूर्वीच्या पुरात नदीनं इथं पात्र सोडून उडी मारली. ही जमीन आधी आपल्याच काठाला होती. आणि नदीनं अशी उडी मारली तर हद्द जुन्या पात्रातच राहते, असा तो निकाल."

"मी तर कर अजून तुमच्याकडेच भरते," मिसेस ग्रब म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही."

"कुठला निकाल?" पेनरॉडनं विचारलं.

"होल्कम्बच्या कुरणाचा. पंधरा वर्षांपूर्वी, वरच्या वळणावर. होल्कम्बकडून वकील होते ल्युशियस पेनरॉड."

जिंकलेले खटले वकील विसरतो. पेनरॉड दोन्ही हात टेबलावर टेकून तसाच बसला. फी मिळाल्यावर होल्कम्बनं दिलेल्या मेजवानीतलं सगळं त्याला आठवलं. कुरणाचं काही आठवेना.

"मला बोलवायचं होतंत," तो म्हणाला.

"दहा मिनिटांत? येऊन-जाऊन तास लागतो. शेरीफ एक मिनिट थांबायला तयार नव्हता, त्याला कुणी ठेवलंय ते तुम्हाला ठाऊक आहे." थॅकरे खाली बसला. "हाल्वोरला त्या वादातलं काही समजलं नाही. त्यानं मलाच विचारलं, काय झालंय. मी सांगितलं, गव्हर्नर बाहेर गेलेलेच नाहीत, आपल्याच हद्दीत आहेत."

"मग?"

"मग त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, 'आहेत ना? मग येतील ते.'"