सहा महिन्यांनंतर

पत्र्याचा डबा डॉक्टरबाईंच्या हातून निसटला आणि आतल्या वस्तू खोलीभर पांगल्या. मेंदूला मार लागलेली माणसं पुन्हा कशी सावरतात, या एका प्रश्नापायी त्यांनी सगळी उमर याच खोलीत काढली होती. उद्यापासून खोली दुसऱ्या कुणाची. आज नुसती आवराआवर.

दारात सुतार उभा होता, मागे त्याची बायको. बाई निवृत्त होणार असं कळलं म्हणून दोघं भेटायला आले होते. सुतार खाली वाकला आणि एकेक वस्तू उचलून डब्यात टाकायला लागला.

"किल्ली... कंगवा... चमचा. हा भोवरा. काय बाई, दुकान काढताय की काय?"

डॉक्टरबाई हसायला गेल्या आणि त्यांचे डोळेच भरून आले.

"सगळी उत्तरं बरोबर," त्या म्हणाल्या.

"कसली उत्तरं?"

त्याला आठवत नव्हतं. तरुणपणी छपराचं काम करताना तो वरून पडला. त्यानंतरचं अख्खं वर्ष त्याच्या डोक्यात रंधा मारलेल्या फळीसारखं कोरं होतं. डॉक्टरबाईंना मात्र तेच वर्ष कालच्यासारखं लख्ख आठवत होतं. तेव्हा त्या मोठ्या सरांच्या हाताखाली नुकत्याच लागल्या होत्या.

"या किल्लीपायी तुम्ही मला रडवलंय," त्या म्हणाल्या. "मी ती समोर धरायची आणि विचारायची, हे काय? तुम्ही म्हणायचात, तिकीट. कंगवा दाखवला तरी तिकीट, चमचा दाखवला तरी तिकीट."

"आणि ती शिवी?" बायको तोंडावर हात धरून म्हणाली. "सांगा ना ते."

"हां! सुई टोचली म्हणून नर्सला हासडलीत. अशी खणखणीत, काना-मात्रेची चूक नाही. पडल्यानंतरचं तुमचं पहिलं धड वाक्य ते. नर्स बिचारी बघतच राहिली आणि या वहिनी आनंदाने रडायला लागल्या."

सुतार ओशाळला. भोवरा बोटांत फिरवत राहिला.

"फार वाईट वागायचो का हो मी?"

"वाईट नाही. घाबरलेले होतात."

सहा महिन्यांत जे परत येतं तेच येतं, सर म्हणायचे, त्यापुढे वाट बघणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सहा महिने उलटले, सुताराच्या तपासण्या थांबल्या. पण वहिनी त्याला घेऊन येतच राहिल्या. नाही म्हणायला डॉक्टरबाईंची जीभ रेटेना. मग जेवणाच्या सुट्टीत, कुणाला न सांगता, त्या खिडकीपाशी डबा उघडून बसायच्या.

"आणि वर्ष सरता सरता एका दुपारी," त्या सांगत होत्या, "मी किल्ली धरली तर तुम्ही म्हणालात, किल्ली! वर मलाच झापलंत, सारखं काय तेच तेच विचारता? मी जिना चढून सरांकडे धावले. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, मग आता तू हेच काम कर. ते आजपर्यंत केलं."

डॉक्टरबाईंनी खोलीभर नजर फिरवली. भिंतीवर तसबिरींच्या जागी आता नुसते फिकट चौकोन उरले होते.

"एक विचारू, वहिनी?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "माणसांचं काय काय परत आलं, तेच मी जन्मभर मोजत आले. यांचं काय नाही आलं?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"जाऊ द्या ना बाई. आता काय त्याचं?"

"सांगा."

"शीळ," ती म्हणाली. "काम करताना हे शीळ घालायचे. मी गल्लीच्या तोंडाशी आले की शिळेवरूनच कळायचं, हे घरी आहेत."

सुताराने गर्रकन मान वळवली. "मी? शीळ? कधी बोलली नाहीस ती!"

"एकेक शब्द शोधताना तुमचा जीव मेटाकुटीला यायचा. त्यात आणखी हे कुठे सांगू? मग ते राहूनच गेलं."

"कशी घालायचो?"

ती लाजली. दाराबाहेर कुणी नाही ना, ते तिने पाहून घेतलं. मग त्या पिकल्या केसांच्या बाईने ओठांचा चंबू केला आणि शीळ घातली. सूर वर चढला, मध्येच खोडकरपणे थबकला आणि गिरकी घेऊन खाली आला. एकदाही अडखळला नाही. सराव असल्याशिवाय अशी येत नाही.

सुतार मान तिरकी करून ऐकत होता. परक्या माणसाचं गाणं ऐकावं तसा.

"बेस आहे," तो म्हणाला.

मग त्यानेही ओठ पुढे काढले. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच. तो कसंनुसं हसला.

"आता या वयात कुठे..."

डॉक्टरबाईंनी डबा बाजूला सारला, स्टूल ओढून त्याच्या समोर घेतलं आणि बसल्या.

"वहिनी, परत घाला. जरा सावकाश. त्यांना तुमचे ओठ दिसू द्या."