कुत्र्याची नजर

कृपादान पेंटर आधी जनावर काढायचा, मग माणूस. माणसाला सांगितलं की बसतो, जनावर थोडंच बसतं! पण मालनबाईचा पोरगा ब्रह्मदेशच्या लढाईत कामी आला होता. फोटो नव्हता, म्हणून तिला चित्र हवं होतं. दारात पोराचं कुत्रं शेवगावच्या रस्त्याकडं मान वर करून बसलं होतं. ते कृपादाननं पेन्सिलीनं हुबेहूब उतरवलं आणि त्याच्यासमोर पोरगा उभा केला. नाक बापाचं, कपाळ बहिणीचं, डोळे मालनबाईनं सांगितले तसे. "ह्यो माझा न्हाई," ती म्हणाली. त्यानं डोळे बदलले, जिवणी बदलली. दरवेळी परकाच कुणीतरी उमटला. "मावशी, हसायचा कसा तेवढं सांगा." मालनबाई चित्राजवळ सरकली. "मलाच आठवंना झालंय वो." मग चित्राकडं बोट करून म्हणाली, "पोराला पुसून टाका, पेंटर. कुत्रं ऱ्हाऊ द्या. त्याला त्यो अजून दिसतोय."