माफ केलेलं पाप

माझ्या थोरल्याला जुळं झालं त्या वर्षी एक पोलीसबाई आमच्या आमिश या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीत आली. माझी लेक सेलोमा हिचा हात दुसऱ्यांदा मोडला होता.

"नवऱ्यानंच मोडला ना? एक जबाब द्या, आत्ता उचलते त्याला."

आमचे बिशप म्हणाले, "त्यानं सभेत गुडघे टेकून कबुली दिली, आम्ही माफ केलं. माफ केलेलं पाप पुन्हा तोंडावर आणायचं नाही, अशी आमची रीत आहे."

"तिसऱ्यांदा मोडला तर सत्कार कराल?" ती माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही बोला."

मी रीत पाळली. जावयानं पुढं केलेली कॉफी मुकाट प्यालो. माझ्या त्या तोंडाची मला अजून किळस येते.

सेलोमा त्याच्या मारानं पाच डिसेंबरला, मंगळवारी सकाळी मेली.