एकवीस लांडगे आणि एक दात

खरं सांगू, हे लिहिणारच नव्हतो. पण स्पर्धेचा विषय 'चूक' निघाला आणि राहवेना. आधी एवढंच सांगतो: जीवशास्त्राच्या नव्या संशोधकांचं शिबिर होतं, अख्ख्या कळपाचा डीएनए संगणकावर कसा तपासायचा ते शिकवणारं. प्रत्येकानं आपापल्या प्राण्यांचा डेटा आणला होता, लंबूनं लांडग्यांचा. कथेतला 'तो' कोण, ते विचारू नका. पुढे मोजून शंभर शब्द.

नकोशा फायली पुसायचा हुकूम टाइप करताना त्याच्याकडून एक स्पेस जास्त पडली आणि संगणकानं लंबूचे एकवीस लांडगे पुसून टाकले. तीन वर्षांचं काम, कॉपी नाही. लंबूनं, त्याच्या जिवलग मित्रानं, मानगूट धरून तोंड टेबलावर आपटलं. मग पुन्हा. कीबोर्डवर रक्त सांडलं. त्यानं हात उचलला नाही. "अरे, मरेल तो!" मॅडम किंचाळल्या. "मरू दे! लांडग्यांना लोकांनी विष घालून मारलं, रक्ताचे नमुने संपले. ह्याचं रक्त तपासू?" तो तळहातावर थुंकला. मुळासकट दात निघाला होता. तो बघतच राहिला. "पुरलेत कुठं?" "कोण?" "लांडगे रे, गाढवा! दातात डीएनए टिकतो." लंबूची मूठ हवेतच थांबली. त्यानं त्या मुठीत दात कोंबला. "सध्या माझा ठेव. उद्या खड्डा उकरतो, एकवीसच्या एकवीस लांडग्यांचे दात तुला काढून देतो."