कंपनीचं रान

या, जवळ सरकून बसा. डोंगरावरच्या आगीची गोष्ट सांगतो.

उंब्रजच्या वरच्या अंगाला देवीची राई आहे. तिथली झाडं राखायची, त्याबदली परदेशी कंपनी गावाला कार्बन क्रेडिटचे पैसे देणार, असा करार झाला. राखणदार नेमला चांदसाहेबाला. एका दुपारी वणवा गवतातून राईकडे सरकला आणि त्याची पाचावर धारण बसली. पळत पारावर येऊन तो ओरडला, "आवं नाना, चला! कंपनीचं रान पेटलं!"

पारावर बसलेले गावातले वडीलधारे सयाजीनाना पानाला चुना लावत म्हणाले, "मग कंपनीला फोन लाव की गड्या. आमी कशाला हात भाजून घ्यायचं?"

एवढ्यात राईतल्या देवळाची घंटा घणघणली. धुरात उभी राहून चांदसाहेबाची बायको जन्नतबी दोरी ओढत होती. घराघरातून माणसं हिरवे टहाळे घेऊन धावली.

पुढं सयाजीनाना. "आरं लेका, देवीचं रान पेटलंय म्हून सांगायला काय झालं हुतं?"

झोडपून झोडपून आग विझवली. पण घंटा त्याआधीच थांबली होती. जन्नतबीच्या मुठीतली दोरी कुणाला सोडवेना.

बाबांनो, त्या राईच्या सावलीला टेकाल, तेव्हा तिची आठवण काढा.